राजे बदलले, बांधी तीच

इतिहास असलेल्या गावच्या माणसांचा मला फार हेवा वाटतो. पुण्याचा माणूस बोलता बोलता सहज सांगून जातो, "आमच्या वाड्यावरूनच पेशव्यांची स्वारी जायची." सांगण्याचा थाट असा, की जणू काल संध्याकाळी गॅलरीत चहा घेताना त्यानं ती स्वतः पाहिली. कोल्हापूरच्या माणसाला तर सांगावंही लागत नाही. तो नुसता मिशीवरून हात फिरवतो. मला कुणी "आपलं गाव कोणतं?" म्हणून विचारलं आणि मी "मुर्री" म्हटलं, की समोरचा "काय म्हणालात?" असं विचारतो. "मुर्री. गोंदियाजवळ." मग त्याचा चेहरा उजळतो. "अच्छा, गोंदिया! म्हणजे मध्यप्रदेशात ना?"

मी त्याच्यावर रागावत नाही. त्याचं अगदीच चुकलेलं नसतं, त्याला फक्त सत्तर वर्षं उशीर झालेला असतो. आमचं गाव खरोखरच मध्यप्रदेशात होतं. मी १९५३ साली जन्मलो तो मध्यप्रदेशात, आणि त्या मध्यप्रदेशाची राजधानी होती नागपूर. मी तीन वर्षांचा झालो आणि १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात गेलो. गेलो म्हणजे कुठंही गेलो नाही. राज्यच आमच्याकडे आलं. त्या राज्यात कच्छपासून मुर्रीपर्यंतची सगळी मंडळी एका सतरंजीवर बसवली होती. पहिलीत माझं नाव घातलं ते त्या द्वैभाषिक मुंबई राज्यात, आणि दुसरीत बसलो तो १ मे १९६० नंतरच्या महाराष्ट्रात. पुढं १ मे १९९९ ला भंडारा जिल्हा फुटून गोंदिया जिल्हा झाला आणि माझ्या पत्त्यात आणखी एक बदल झाला. माझे वडील तर जन्मले होते इंग्रजांच्या मध्यप्रांतात. हे सगळं एकाच घरात, एकाच ओसरीवर. इतके प्रांत पालथे घालायला लोकांना ट्रंका बांधाव्या लागतात; आम्ही साधी पायरीदेखील उतरलो नाही.

तेव्हा मनात आलं, की आमच्या गावाला इतिहास नाही असं कसं म्हणता येईल? इतिहास आहे; फक्त तो गावात कधी मुक्कामाला राहिला नाही. इतिहासाला उतरायला किल्ला लागतो, लढाई लागते, निदान एखादं पडकं देऊळ तरी लागतं. ते सगळं शेजाऱ्यांकडे. किल्ला लांजीला आणि प्रतापगडला, शंकराचं जुनं देऊळ नागऱ्याला, आणि एक अस्सल बंड कामठ्याला. इतिहास आमच्या चारी बाजूंनी गेला, पण मुर्रीत पाणी मागायलासुद्धा थांबला नाही. तरीपण राजाला गाव ठाऊक नसलं तरी राजाच्या वहीला ते ठाऊक असतं. सारा सगळ्यांनी घेतला.

फार मागं गेलं तर वाकाटक सापडतात. पंधराशे-सोळाशे वर्षांपूर्वी रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनाहून, ते राज्य करत. अजिंठ्याची काही लेणी त्यांच्याच अमदानीतली. आमच्या भागानं त्यांना तांदूळ दिला असेल आणि त्यांनी तिकडं चित्रं काढली असतील. व्यवहार एकूण बरा म्हणायचा. मग रतनपूरचे हैहय आले, लांजीला त्यांचा अंमल होता. आणि मग गोंड राजे.

गोंड राजांबद्दल मला विशेष आदर आहे. देवगडचा बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, किताब घेऊन परत आला, आणि पुढं सवड मिळताच औरंगजेबाच्याच मुलखात हात मारू लागला. अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बारा वाड्या एकत्र करून त्यानं नागपूर वसवलं. पण आमच्या दृष्टीनं मोठी गोष्ट ती नाही. जंगल होतं, माणसं नव्हती. म्हणून त्यानं चहूकडून कष्टाळू माणसं बोलावली. ज्याला येता येईल त्यानं यावं, जात-धर्म कुणी विचारणार नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात पोवार आले, लोधी आले, कुणबी आले. आणि तळी खोदण्यात ज्यांचा हात कुणी धरणार नाही ते कोहळी. त्यांना तर चांद्याच्या गोंड राजानं थेट काशीकडून आणलं अशी परंपरा आहे. चांद्याच्या राजांनी काढलेली अट मला सगळ्या इतिहासात जास्त शहाणपणाची वाटते: जो तळं बांधील, त्या तळ्याच्या पाण्यानं जेवढी जमीन भिजेल तेवढी त्याची. फर्मान एका ओळीचं. कचेरी नको, समिती नको. पाणी जाईल तिथपर्यंत सनद.

या अटीतून आमचा मुलूख घडला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भाताच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. चारी बाजूंनी धुरे घातलेला जमिनीचा लहानसा तुकडा, आत पावसाचं पाणी, पाण्यात गुडघाभर चिखल, आणि चिखलात ओणवं राहून पऱ्ह्यांची रोवणी करणाऱ्या बायका. वरच्या अंगाला तळं. आश्विनात पावसानं दगा दिला, की तळं उघडायचं आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी सोडत न्यायचं. मला वरची बांधी कापून खालच्याला पाणी द्यावंच लागतं आणि खालच्याला माझ्याशी गोड बोलावंच लागतं. आमच्या भागातलं सगळं राजकारण एवढंच. बाकीचं ज्यांनी त्यांनी राजधानीत केलं.

त्या राजधानीत बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान १७३९ साली वारला आणि घरात भांडण लागलं. विधवा राणी रतनकुंवर हिनं मध्यस्थी करायला वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावलं. भाऊबंदकीत पंच म्हणून आलेला पाहुणा पहिल्या खेपेला बिदागी घेऊन जातो. दुसऱ्या खेपेला मात्र वळकटी आणतो. दुसऱ्या खेपेस रघूजीराजे राहिलेच. गोंड राजाला त्यांनी नागपुरात मानानं ठेवलं, पेन्शन दिलं, आणि कारभार आपल्याकडे घेतला. मराठी कारभार आमच्या गावाच्या वहीत आला तो असा, मोडी अक्षरात.

भोसल्यांचं राज्य पुष्कळ दूरवर गेलं, थेट कटकपर्यंत. पण १८०३ साली देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजीचं कटकही गेलं आणि वऱ्हाडही गेलं. राज्य निम्मं झालं तरी खर्च निम्मा होत नसतो, हे कुणाही संसारी माणसाला सांगायला नको. मग महाराजांनी उरलेल्या रयतेकडं मोर्चा वळवला. इतके कर बसवले, की लोक त्यांना 'बडा बनिया' म्हणू लागले. शेतकरी नसलेल्यांवर पंढरी नावाचा कर होता. विधवेनं पाट लावला, की सरकारला पाटदाम द्यावा लागे. कटक गेलं ते तिकडं समुद्रकाठी, पण त्याची भरपाई इकडच्या बायका करत होत्या. राजे लढाई हरतात तेव्हा ती कुणाच्या खिशातून हरतात, हे इतिहासाच्या पुस्तकात नकाशासारखं छापायला हवं.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि आप्पासाहेब भोसले हरले. दुसऱ्याच वर्षी, १८१८ साली, आमच्या शेजारच्या कामठ्याच्या जमीनदारानं, चिमणा पटलानं, बंड केलं. इंग्रजांची फौज आली, कामठा पडलं आणि जमीनदारी लोधी घराण्याकडं गेली. मुर्रीच्या आसमंतात इतिहास याहून जवळ कधी आला नाही. तोफांचे आवाज इकडच्या गावांत कुणी ऐकले असतील तर त्यांनी काय केलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. बहुधा बैल आत बांधले असतील.

त्यानंतर कागदावर तिसरे रघूजी राजे आणि खुर्चीवर इंग्रज रेसिडेंट अशी बारा वर्षं गेली. मग राजे स्वतः कारभार बघू लागले. ते डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीसाहेबानं १८५४ साली राज्य खालसा केलं. राणी बाकाबाई आकांत करत राहिली आणि वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले. जवाहीर कलकत्त्याला गेलं. हत्ती म्हणे फार स्वस्तात गेले. आमच्या भागातल्या कुणी घेतला नाही. रोवणीत हत्तीचा उपयोग नाही.

इंग्रजांनी मात्र एक गोष्ट केली, ती थेट गावापर्यंत पोचली. १८६१ साली त्यांनी मध्यप्रांत केला आणि पुढच्या काही वर्षांत जमीनबंदोबस्त. जरीब घेऊन माणसं आली, बांधी न् बांधी मोजली. भोसल्यांच्या वेळी पटील हा नुसता वसुलीचा ठेकेदार. सारा गोळा करायचा आणि वर भरायचा. साहेबानं त्याला गावाची मालकी देऊन टाकली आणि त्याचं नाव ठेवलं मालगुजार. रात्री ठेकेदार म्हणून झोपलेला माणूस सकाळी मालक म्हणून उठला. उरलेलं गाव होतं तसंच उठलं, फक्त दुसऱ्याचं होऊन. तरी एक बरं, की वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात गावाचे निस्तार हक्क लिहिले गेले: तळ्याचं पाणी कुणाला किती, जंगलातलं लाकूड कुणाला किती, गुरं कुठं चरतील.

या साहेबाच्या राज्यात रेल्वे आली. आधी नागपूर–छत्तीसगडची मीटरगेज, मग बंगाल-नागपूर रेल्वेची रुंद लाइन, आणि नंतर सातपुड्यात घुसणारी अरुंद लाइन. त्या काळी तहसील तिरोड्याला होती. डिंकाच्या, म्हणजे गोंदाच्या, व्यापाराचं लहानसं ठाणं असलेलं गोंदिया जंक्शन झालं आणि पुढं तहसीलही त्यानं तिरोड्याकडून ओढून आणली. जे कुठल्याही राजाला जमलं नाही ते एका फलाटानं केलं: मुर्री कशाच्या तरी जवळ आली.

दुष्काळही याच राज्यात आले. १८९६-९७ चा आणि मग १८९९-१९०० चा. भाताचा मुलूख, आश्विनात पाऊस गेला, की सगळं गेलं. दहा वर्षांत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या दहा टक्क्यांहून जास्त घटली. माझा आजा तेव्हा आठ वर्षांचा होता. तो या विषयावर फार बोलत नसे. एवढंच म्हणायचा, "ज्याच्या गावात तरा होता तो वाचला बापा." तरा म्हणजे तळं. आमच्या झाडीबोलीत अवघड अक्षरांना फाटा देण्याची पद्धत आहे. एरवी या बोलीवर मी पुष्कळ विनोद करतो. या वाक्यावर कधी केला नाही.

शाळेत गुरुजींनी "इंग्रजांच्या जुलमी राजवटी"वर निबंध घालून दिला, तेव्हा मी मोठ्या उत्साहानं वही घेऊन आज्याकडे गेलो होतो. त्यानं राजवट पाहिलेली होती.

"आबा, इंग्रज कसे होते?"

"कोन जाने. मी कायला पाह्यला?"

"पण राज्य तर त्यांचं होतं ना?"

"राज्य पटवाऱ्याचं होतं," आजा म्हणाला, "आताबी त्याचंच आहे."

गुरुजींनी या निबंधाला दहापैकी तीन गुण दिले. मी आजवर राज्यशास्त्राची बरीच पुस्तकं वाचली, पण याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. भोसल्यांचा कमावीसदार गेला, इंग्रजांचा कमिशनर गेला, मुख्यमंत्री तर मोजायचे सोडून दिले, पटवारी राहिला. महाराष्ट्रात आल्यावर त्याला तलाठी म्हणायचं ठरलं. २०२४ साली सरकारनं तलाठी हे नाव काढून 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. आमच्याकडे लोक अजून म्हणतात, "पटवारी आला का रे?"

स्वातंत्र्य आलं, आणि मालगुजारी गेली. १९५० साली नागपूरच्या विधानसभेत कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजार नुसते माणूस झाले. फार चांगलं झालं. त्याबद्दल माझ्या मनात काडीइतकी शंका नाही. पण जमीन कसणाऱ्याची झाली, तशी तळी सरकारची झाली. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली मिळून अशी सहा-सात हजार तळी. सरकारी कागदात त्यांचं नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. हे इतकं लांब नाव कोण घेणार? म्हणून झालं 'मामा तलाव'. पुढं लहान मामा जिल्हा परिषदेकडे गेले आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे. भाचे पुष्कळ, मामाकडे पाणी मागायला सगळे हजर. मामाच्या अंगावर चढलेला गाळ काढायचा कुणी, ते मात्र ठरेना. पूर्वी उन्हाळ्यात तळं आटलं, की गाव बैलबंड्या घेऊन तळ्यात उतरायचं, गाळ काढायचं आणि तोच आपापल्या बांधीत टाकायचं. तळंही खोल, शेतही कसदार. आता तळं सरकारचं, तेव्हा गाळही सरकारचा. सरकारी वस्तूला हात लावायचा म्हणजे अर्ज आला. तळी उथळ झाली, बेशरमीची झुडपं माजली, मासे कमी झाले. २०१७ साली सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजना काढली. नाव झकास आहे. माझ्या आज्याची योजना तीच होती, फक्त तिला नाव नव्हतं आणि उद्घाटनाला कुणी येत नसे.

राज्यं आली आणि गेली, पण या सर्व मंडळींचं एका बाबतीत एकमत होतं, ही गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. वाकाटकांपासून साहेबापर्यंत प्रत्येकाला बांधी हवी होती. भात पिकलं तर सारा, सारा आला तर हत्ती. ते प्रेमापोटी नव्हे, पोटापोटी बांधी सांभाळत. बडा बनियासुद्धा धुऱ्याला हात लावत नव्हता. कोंबडी कापून अंडी मिळत नाहीत, एवढं बनियाला कळतं.

आताचा नवा राजा निराळा आहे. त्याचं नाव लेआउट. त्याला फौज नाही, मोडी लिपी नाही, सनद नाही. तो गोंदियाकडून येतो, कारण शहरं वाढतात आणि शहराला लागून असलेल्या गावांनी दुसरं काय करायचं असतं? त्याच्या अमदानीत चुन्याच्या रेघा पडतात, सिमेंटचे खुंटे उभे राहतात, आणि पाटी लागते. बांधीचे चार धुरे मोडून त्यात मुरूम भरला, की तिचा प्लॉट होतो. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत जायची जी वाट गोंड राजापासून चालत आली, ती बुजते. मग आषाढात ते पाणी प्लॉटधारकाच्या दिवाणखान्यातून जातं आणि तो नगरपालिकेच्या नावानं शंख करतो. आजवरच्या सगळ्या राजांनी बांधीतलं भात नेलं. बांधीच नेणारा हा पहिला.

मी काही प्रगतीच्या विरुद्ध नाही. माणसांना घरं हवीत, आणि ज्यानं बांधी विकली त्यानं त्या पैशात मुलीला इंजिनियर केलं असेल तर मी त्याला कोणत्या तोंडानं बोलू? तीस वर्षं ओणवं राहून रोवणी केलेल्या बाईनं "आता पुरे" म्हटलं, तर तिला झाडीपट्टीच्या संस्कृतीवर व्याख्यान देण्याचं धैर्य माझ्यात नाही. फक्त एवढंच वाटतं, की विकताना पाण्याची वाट तेवढी ठेवावी. निस्तार हक्काचा कागद इंग्रजानंसुद्धा लिहून ठेवला होता.

आणि आशेला जागा नाही असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावकडं, ढिवर समाजाच्या बायका तळ्यांत उतरल्या. बेशरम उपटली, गाळ काढला, माशांना लागणाऱ्या जुन्या पाणवनस्पती हातानं पुन्हा लावल्या, आणि मासे परत आले. त्या कुणाच्या राज्यात राहतात हे त्यांना विचारलं, तर त्या बहुधा हसतील. या सगळ्या वंशावळीत माझ्या हिशेबानं गोंड राजाची गादी त्यांच्याकडे जायला हरकत नाही. त्याची अट त्यांनीच पाळली आहे.

एकदा एका इतिहासप्रेमी स्नेह्यानं मला विचारलं, "तुमच्या मुर्रीला ऐतिहासिक असं काय आहे?" मी त्याला सांगितलं, की एवढे सगळे राजे येऊन गेले तरी मुर्री आहे. तो म्हणाला, "ते ठीक, पण बघायला काय आहे?" म्हटलं, श्रावणात या. गोंदिया स्टेशनवर उतरा. अजून काही बांध्या आहेत.